शेतकऱ्याचा स्वतःचा टेम्पो

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव, ओतूर, आळेफाटा या परिसरात टोमॅटोचा हंगाम सुरू झाला, की वाड्यावस्त्यांच्या रस्त्यांवर लहान मालवाहू गाड्यांची ये-जा वाढते. त्यांपैकी काही भाड्याच्या असतात, तर काही शेतकऱ्यांच्या स्वतःच्या. भाड्याची गाडी चार वस्त्यांवरचा माल गोळा करीत निघते. शेवटच्या वस्तीवरचा क्रेट चढेपर्यंत पहिल्या वस्तीवरचा माल हौद्यात तापत राहतो. बाजारात पोहोचण्यास उशीर झाला म्हणजे पहाटेच्या गिऱ्हाइकाची खरेदी उरकलेली असते आणि मागाहून आलेल्या मालाकडे आडत्याही फारसे लक्ष देत नाही. पट्टी हाती पडल्यावर भाडे, हमाली, तोलाई वजा जाता उरलेली रक्कम पाहून, आपली स्वतःची गाडी असती तर बरे झाले असते, असे शेतकऱ्यास वाटावे हे स्वाभाविक आहे. ही इच्छा गैर नाही. मात्र गाडी ही बैलजोडीप्रमाणेच दावणीला उभी असतानाही खात असते, आणि बैल निदान शेण तरी देतात, ही गोष्ट ती दारात आणण्यापूर्वी ध्यानात घेतली पाहिजे.

लहान मालवाहू गाडीस महाराष्ट्रात सर्रास 'टेम्पो' म्हणतात. हे मूळचे जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील एका कारखान्याच्या गाड्यांचे नाव होय. त्या गाड्या येथे बनविण्यासाठी १९५८ साली बजाज टेम्पो या कंपनीची स्थापना झाली आणि तीनचाकी टेम्पो खेडोपाडी जाऊन पोहोचला. पुढे २००५ साली त्या कंपनीने फोर्स मोटर्स असे नाव धारण केले, परंतु लोकांच्या तोंडी बसलेला शब्द काही बदलला नाही. त्याच वर्षी टाटा एस ही दोन सिलिंडरांची चारचाकी गाडी बाजारात आली. शेतकऱ्यांनी तिला 'छोटा हत्ती' हे नाव दिले. सुमारे पाऊण टन माल वाहणारी, अरुंद पाणंदीतून जाणारी आणि तीनचाकीपेक्षा स्थिर अशी ही गाडी भाजीपाला उत्पादकांना सोयीची वाटली. तेव्हापासून अनेक कारखान्यांनी त्याच धर्तीच्या गाड्या काढल्या आहेत. त्यामुळे गाडी कोणती घ्यावी हा प्रश्न आता फारसा बिकट राहिलेला नाही. गाडी घ्यावी की नाही, हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

उभ्या गाडीचा खर्च

गाडीच्या खर्चाचे दोन भाग पडतात. एक खर्च गाडी उभी असली तरी होतो आणि दुसरा ती चालेल तितकाच होतो. बहुतेक शेतकरी डिझेल आणि टायर यांचाच हिशेब करतात. उभ्या गाडीचा खर्च डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो विसरला जातो, आणि घात तेथेच होतो.

नमुन्यादाखल एक हिशेब पाहू. यातील आकडे समजण्याच्या सोयीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील किंमत, व्याजदर व भाडे घालून तो पुन्हा मांडावा. समजा, गाडीची किंमत ६,००,००० रुपये आहे. त्यांपैकी १,२०,००० रुपये शेतकऱ्याने पदरचे भरले आणि ४,८०,००० रुपयांचे कर्ज दरसाल १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता सुमारे १०,२०० रुपये येतो. पाच वर्षांत एकूण ६,१२,००० रुपये फेडावे लागतात, म्हणजे व्याज १,३२,००० रुपये झाले. आठ वर्षांनी गाडी १,६०,००० रुपयांना विकली गेली असे धरल्यास घसारा दरवर्षी ५५,००० रुपये आणि आठ वर्षांवर विभागलेले व्याज १६,५०० रुपये होते. विमा, कर, योग्यता तपासणी इत्यादींसाठी वर्षाला ३५,००० रुपये धरले, तर उभ्या गाडीचा वार्षिक खर्च १,०६,५०० रुपये होतो. या रकमेत डिझेलचा एक थेंबही नाही.

आता चालत्या गाडीकडे वळू. बाजार ७५ किलोमीटरवर असल्यास जाऊन-येऊन १५० किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेल ९२ रुपये धरल्यास इंधनाचे ९२० रुपये होतात. टायर, ऑइल व दुरुस्ती यांसाठी किलोमीटरला दोन रुपयांप्रमाणे ३०० रुपये आणि टोल व किरकोळ खर्च १८० रुपये, असे एकूण १,४०० रुपये झाले. गाडी शेतकरी स्वतः हाकतो म्हणून त्याचे श्रम फुकट समजू नयेत. त्या दिवशी शेतातील काम दुसऱ्याकडून करवून घ्यावे लागते. त्याचे ५०० रुपये मिळवता फेरीचा खर्च १,९०० रुपये होतो. याच फेरीस भाड्याची गाडी ३,५०० रुपये घेत असेल, तर दर फेरीस १,६०० रुपये वाचतात. १,०६,५०० रुपये भरून निघण्यासाठी वर्षाकाठी ६७ फेऱ्या झाल्या पाहिजेत.

हा हिशेब आठ वर्षांच्या सरासरीचा आहे. सावकार किंवा बँक मात्र आठ वर्षे थांबत नाही. पहिली पाच वर्षे हप्त्याचे १,२२,४०० आणि विमा, कर इत्यादींचे ३५,००० मिळून १,५७,४०० रुपये दरवर्षी रोख लागतात. स्वतःच्या श्रमाचे पैसे बाजूला ठेवले तरी फेरीमागे रोख बचत २,१०० रुपयांची होते. या रकमेतून वरील बोजा उचलण्यास वर्षाला ७५ फेऱ्या हव्यात.

दोन एकर बागायत असलेल्या शेतकऱ्याच्या अशा फेऱ्या किती होतात? टोमॅटोची तोडणी साधारणपणे दोन-तीन दिवसांआड होते. दोन-अडीच महिन्यांच्या तोडणीच्या काळात पंचवीस ते तीस फेऱ्या होतात. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर यांच्या आणखी वीसएक धरल्या तरी ४५ ते ५० च्या पुढे मजल जात नाही. यांतील ४५ फेऱ्या भाड्याच्या गाडीने केल्यास वर्षाचे भाडे १,५७,५०० रुपये होते. म्हणजे जेवढे भाडे तो एरवी देत होता, जवळजवळ तेवढीच रक्कम स्वतःच्या गाडीवर डिझेल भरण्यापूर्वीच खर्ची पडते.

म्हणून गाडी घेण्याचा विचार ज्याच्या मनात आला असेल, त्याने आधी एक वर्ष साधी फेरीवही ठेवावी. तारीख, माल, वजन, बाजार, दिलेले भाडे आणि गाडी न मिळाल्याने किंवा उशिरा आल्याने झालेले नुकसान, एवढ्याच नोंदी पुरेशा आहेत. गावपातळीवरील विस्तार कार्यकर्त्यांनी अशी वही शेतकऱ्याबरोबर बसून वर्षअखेर तपासावी. गाडीच्या किमतीविषयी दुकानदार माहिती देतो. फेऱ्यांची माहिती त्या वहीवाचून कोणाकडेच मिळत नाही.

फेऱ्या कमी पडत असतील तर

फेऱ्या कमी भरतात म्हणून गाडीचा विचार सोडूनच द्यावा असे नाही. शेजारच्या तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून गाडी घेतल्यास उभा खर्च वाटला जातो. वेगवेगळ्या वेळी येणारी पिके ज्यांच्याकडे आहेत असे भागीदार निवडावेत. सर्वांचाच टोमॅटो असेल, तर ऐन तोडणीत गाडीवरून तंटा होतो आणि पुढे चार महिने ती सर्वांच्याच उपयोगाची राहत नाही. गाडी कोणाच्या नावावर असावी, अपघात झाल्यास व दुरुस्ती निघाल्यास खर्च कोणी सोसावा, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवावे. सख्ख्या भावांनीही लिहावे. दहा किंवा अधिक उत्पादकांची शेतकरी उत्पादक कंपनी असेल, तर गाडी कंपनीच्या नावावर घेऊन किलोमीटरमागे दर ठरविणे सर्वांत सोपे जाते.

शेजाऱ्यांचा माल भाड्याने नेण्याचाही मार्ग आहे. तो पत्करणाऱ्याने विमा उतरवितानाच ही गोष्ट स्पष्ट सांगावी. स्वतःचाच माल वाहणाऱ्या गाडीचा विमा आणि भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीचा विमा हे दोन वेगळे प्रकार आहेत. स्वस्त पडतो म्हणून पहिला प्रकार घ्यावा आणि गाडी मात्र भाड्याने फिरवावी, याचा परिणाम नुकसानभरपाई मागण्याच्या दिवशी कळतो.

स्वतःच्या गाडीचा एक लाभ वरील हिशेबात येत नाही, तो येथे सांगितला पाहिजे. फळे व भाजीपाला यांची विक्री बाजार समितीच्या आवाराबाहेर २०१६ साली नियमनमुक्त झाली. तेव्हापासून शेतकरी आपला माल शहरातील वसाहतींत किंवा आठवडे बाजारात थेट ग्राहकास विकू शकतो. गाडीच दुकान होते. दर चांगला मिळतो, पण संपूर्ण दिवस त्यात जातो, सुटे पैसे, तराजू आणि गोड बोलणारा माणूस लागतो, आणि उरलेला माल संध्याकाळी मातीमोल होतो. घरात ही आवड असलेले कोणी असेल तरच या विक्रीच्या भरवशावर गाडीचा हप्ता बांधून घ्यावा.

कर्ज कोणत्या तारणावर

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोचे भाव कधी नव्हे इतके चढले आणि सप्टेंबरात तितक्याच वेगाने कोसळले. अशा तेजीच्या हंगामात हाती आलेल्या पैशातून अगाऊ रक्कम भरून गाडी घेण्याचा मोह अनावर होतो. हप्ते मात्र पुढील मंदीतून भरावयाचे असतात. सलग दोन वर्षांच्या सरासरी भावावर हप्ता झेपत असेल, तरच सही करावी.

कर्जास गाडीच तारण असावी. तेवढ्यासाठी जमिनीवर बोजा चढवू नये. हप्ते थकल्यास कर्ज देणारी संस्था गाडी ओढून नेऊन विकते आणि विक्रीतून कर्ज पूर्ण फिटले नाही तर उरलेली रक्कम शेतकऱ्याकडेच मागते. जमीन गुंतलेली असली तर तीही पणास लागते. पीक कर्जाची रक्कम अगाऊ भरण्यासाठी वापरणे हेही तितकेच अनिष्ट होय. बियाणे-खतास पैसा उरत नाही आणि मुदतीत परतफेड न झाल्याने व्याजाची सवलतही जाते.

जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिनाबरोबर कागदही ऐकून घ्यावेत. पूर्वीचे कर्ज फिटल्याचा दाखला, विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि चेसिसवरील क्रमांक ही चार ठिकाणे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. मारुतीची ओम्नी व्हॅन १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती. तशा जुन्या प्रवासी व्हॅनची बाके काढून तीत भाजी भरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. नोंदणीतील वर्णनाहून गाडीत असा बदल परस्पर करणे मोटार वाहन कायद्यास धरून नाही, आणि बंद व्हॅनमध्ये पालेभाजी वाफाळते ती गोष्ट निराळीच.

हौद्यात माल कसा भरावा

तोडलेली भाजी जिवंत असते, श्वसन करते आणि उष्णता बाहेर टाकते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो आणि त्याच प्रमाणात माल लवकर खराब होतो. यास्तव तोडणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी, माल सावलीत पसरून निववावा आणि मगच भरावा. दुपारी दोन वाजता तोडून लगेच ताडपत्रीखाली दाबलेला टोमॅटो स्वतःच्या गाडीत नेला काय किंवा परक्याच्या, त्याची गत एकच होते. ताडपत्री मालावर थेट न टाकता हौद्यावर कमानी बसवून त्यांवर ताणावी. मध्ये वीतभर पोकळी राहिली म्हणजे वारा खेळतो.

पिकलेली केळी, आंबे किंवा लाल टोमॅटो यांच्यासोबत पालेभाजी अथवा फुले भरू नयेत. पिकत्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो. त्याने पाने पिवळी पडतात आणि कार्नेशनसारखी फुले अवेळी मिटतात. परतीच्या फेरीत खत, पशुखाद्य किंवा बियाणे आणणे फायद्याचे असले, तरी खत उतरविल्यावर हौदा पाण्याने धुऊन सुकवावा. कीटकनाशकांच्या बाटल्या हौद्यात भाजीसोबत कधीही ठेवू नयेत.

टोमॅटोचा भरलेला क्रेट स्वतःच्या वजनासह सुमारे २२ किलो भरतो. पाऊण टनाच्या गाडीत चालक, सोबती व ताडपत्री यांचे वजन जमेस धरता सुमारे २८ क्रेट ही मर्यादा होते. रस्त्यावर पन्नास-साठ क्रेट लादलेल्या गाड्या दिसतात हे खरे. काही जण त्यासाठी मागील पाट्यांत एक-दोन जादा पाटे चढवून घेतात. पाटे वाढविल्याने गाडी खाली बसत नाही एवढेच. ब्रेक, आस आणि टायर होते तेवढ्याच ताकदीचे राहतात. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनुसार जादा वजनास २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. ऐन बहरात एका तोडणीस शंभर क्रेट निघत असतील, तर तेवढे दिवस जादा मालासाठी भाड्याची मोठी गाडी बोलवावी. वर्षातील दहा दिवसांसाठी मोठी गाडी विकत घेणे परवडत नाही.

वजन हौद्याच्या मागील टोकाकडे साचू देऊ नये. मागे भार झाला की पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर गाडी सुकाणू ऐकत नाही. जड माल खाली आणि पुढे, हलका वर, आणि सर्वांवर दोराची फुली असावी. हवा टायर थंड असताना तपासावी. कमी हवेचा टायर भाराखाली दुमडत राहतो, तापतो आणि उन्हाळ्यात फुटतो.

कल्याणकडे माल नेणाऱ्यांस माळशेज घाट उतरावा लागतो. पावसाळ्यात तेथे दाट धुके असते व दरडीही कोसळतात. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक शास्त्रशुद्ध आहे. डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी उतारावर सोडल्यास सर्व भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून त्यांची पकड सुटते, आणि ती नेमकी खालच्या वळणांवर सुटते. वाचलेले डिझेल पावशेरही नसते.

झोपेची गोष्ट याहून गंभीर आहे. ज्या भागात कृषिपंपांना रात्रीची वीज मिळते, तेथे शेतकरी मध्यरात्रीपर्यंत दारे धरतो आणि दोन वाजता गाडी काढतो. भाड्याच्या गाडीत तो बाजूस बसून डुलकी घेत असे. आता सुकाणू त्याच्याच हाती असते. पाण्याची पाळी आणि बाजाराची पाळी एकाच रात्री आल्यास एक काम दुसऱ्यावर सोपवावे. बाजारात पोहोचून गाडीतच पडावयाचे झाल्यास इंजिन बंद करून काच थोडी उघडी ठेवावी.

हौद्यात माणसे बसविणे

गाडी गावात आली की तिच्याकडे मागण्याही येतात. तोडणीच्या मजूर बाया शेतावर न्यावयाच्या असतात, लग्नाचे वऱ्हाड असते, जत्रा असते. नाही म्हणणे जड जाते. तरीही ते म्हटलेच पाहिजे. मालवाहू गाडी उलटली तर हौद्यातील माणसांना धरावयास काही नसते.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्यावी. १९९४ च्या दुरुस्तीपासून मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालासोबत जात असल्यास त्यास विम्याचे संरक्षण आहे. इतर प्रवाशांना ते नाही. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. अशा वेळी मृतांच्या वारसांना द्यावयाची रक्कम गाडीमालकाच्या अंगावर येऊ शकते. ती कित्येक लाखांच्या घरात जाते आणि तिच्यापायी जमीन विकण्याची पाळी येते. मजुरांसाठी प्रवासी वाहन ठरविण्यास पडणारा खर्च तोडणीच्या खर्चातच धरावा.

परवाना व कागदपत्रे

स्वतःचाच माल वाहावयाचा असला तरी मालवाहू गाडीची नोंदणी परिवहन वाहन म्हणून होते. तिला पिवळी पाटी लागते. गाडीचे मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असल्यास मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमाप्रमाणे निराळ्या परमिटची गरज नाही. दीड टनी पिकअप घेणाऱ्याने मात्र तिचे एकूण वजन नोंदणीपुस्तकात पाहावे, कारण अशा काही गाड्या या मर्यादेपलीकडे जातात. चालकाच्या लायसनविषयी पूर्वी बराच संभ्रम होता. एकूण वजन ७,५०० किलोच्या आतील मालवाहू गाडी हलक्या मोटार वाहनाच्या लायसनवर चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे. नव्या गाडीचे योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांचे असते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवे करावे लागते. तपासणी बहराच्या दिवसांत येत असेल तर महिनाभर आधी उरकून घ्यावी. तिची मुदत टळलेली गाडी ऐन तोडणीत दारात उभी राहते.

आणि शेवटी गाडी विकण्याची वेळ येते. ओळखीच्या माणसास कोऱ्या कागदावर सही देऊन गाडी देण्याचा प्रघात खेड्यांत अजून आहे. तिचा पुढे अपघात झाल्यास, नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे लागते. कर्जाची नोंद आधी काढून घ्यावी, खरेदीदारास सोबत घेऊन नाव बदलण्याचा अर्ज करावा, आणि नवे नाव चढल्याची खात्री झाल्यावरच दुसरी किल्ली त्याच्या हवाली करावी.